संध्याकाळचा देशकार

एका लग्नात मी सनईची वायर उपटली होती. लग्न सासरच्या नात्यातलं, मुहूर्त सकाळचा, आणि मांडवाच्या कोपऱ्यात कुणीतरी डेकवर सनईची कॅसेट लावून दिलेली. कॅसेटवर मारवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात मारवा, जो सूर्य बुडताना गायचा! वऱ्हाडी मजेत जिलबी खात होते, आणि मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी उठले, शालू सावरत मांडवाच्या मागं गेले, दिसली ती वायर धरली आणि ओढली. सनई थांबली. त्याबरोबर नवरदेवाच्या डोक्यावरचा पंखा थांबला आणि भटजींचा माईकही गेला. मंगलाष्टक अर्ध्यावर लटकलं. "लाइट गयी, लाइट गयी" असा गलका झाला. मी शांतपणे जागेवर येऊन बसले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "काय हो ही रायपूरची लाइट!" नव्या राज्यात वीज उतू चाललीय असं सगळे अभिमानानं सांगत, त्या दिवसांतली ही गोष्ट.

ही तेव्हाची मी. आता सत्तरीच्या पलीकडून मी त्या बाईकडे बघते तेव्हा तिला जवळ बसवून पाणी पाजावंसं वाटतं. चष्मा नाकावर, खांद्याला झोळी, झोळीत तंबोऱ्याच्या तारांची पुडी आणि दर्शनशास्त्राची जाडजूड पुस्तकं. रागाला वेळ असते की नसते, यावर बाईंचं संशोधन चालू होतं. म्हणजे खरं तर असतेच, हे बाईंनी आधीच ठरवून टाकलं होतं. संशोधन फक्त ते सिद्ध करण्यापुरतं होतं.

राज्य वेगळं झालं तेव्हा ह्यांच्या खात्याच्या फायली भोपाळात दोन ढिगांत वाटल्या गेल्या. माणसंही वाटली गेली. आम्ही रायपूरच्या ढिगात आलो. तेलीबांध्याला तलावाजवळ भाड्यानं घर मिळालं. पुढं लोखंडी फाटक, चार कुंड्यांपुरतं अंगण, आणि बैठकीला पश्चिमेची मोठी खिडकी. आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या सासूबाई. मुलगा शिकायला नागपुरात होता. सासूबाईंचं सगळं आयुष्य अकोल्याकडच्या एका खेड्यात गेलेलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि भोपाळ काय, रायपूर काय, त्यांना सगळं "तुमचं गाव" होतं. घर म्हणजे अकोल्याकडचं ते एकच.

मला एका कॉलेजात संगीताची अधिव्याख्याता म्हणून जागा मिळाली. गाण्याच्या वर्गाबरोबर 'संगीत आणि दर्शन' हा पेपरही माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. मला तो हवाच होता. काळ म्हणजे काय, हे मी पोरींना तावातावानं सांगायची. वैशेषिकवाले म्हणतात, काळ हा खराखुरा पदार्थ आहे, तुमच्या-माझ्या असण्या-नसण्यानं त्याला फरक पडत नाही. व्याकरणवाले पंडित म्हणतात, काळ ही एक शक्ती आहे. ती एकाला अडवते आणि दुसऱ्याला सोडते, म्हणून सगळं एकदम न होता एकामागून एक होतं. पोरी हे वहीत उतरवून घेत आणि माझ्या मागं फळ्यावर पाल दिसली की तिच्याकडे बघत.

मग मी पेटीवर पाच स्वर वाजवून दाखवी. सा, रे, ग, प, ध. हे पाच घेऊन संध्याकाळी गायचा तो भूप. हेच पाच घेऊन सकाळी गायचा तो देशकार. घर एकच, खोल्या त्याच. भूप खालच्या ओट्यावर, गंधारावर, पाय सोडून बसतो. देशकार वरच्या गच्चीवर, धैवतावर, जाऊन उभा राहतो. एवढाच फरक. आता सांगा, सकाळ-संध्याकाळ ही स्वरांत आहे का? आकाशात आहे? की ऐकणाऱ्यात? माझं उत्तर तयार होतं: रागाची वेळ सूर्यानं ठरवलेली आहे, माणसानं त्यात बोट घालू नये.

पंचाईत अशी, की कॉलेजचं टाइमटेबल सूर्यानं ठरवलेलं नव्हतं. ते वाणिज्य विभागाच्या एका सरांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्या लेखी संगीत म्हणजे खेळाच्या तासाची धाकटी बहीण. भूप शिकवायचा तास आला भर दुपारी. मी अर्ज केला. सर म्हणाले, "मैडम, शाम को कॉलेज बंद रहता है." मग मी काय केलं? फोटो स्टुडिओवाल्यांकडे असतं तसलं जाड काळं कापड आणलं आणि वर्गाच्या खिडक्यांचे पडदे शिवायला घेतले. भूपाचा तास आला की पडदे ओढायचे, ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यात एक समई. झाली संध्याकाळ. आत पंखा कुंथतोय, पोरी घामानं निथळताहेत, आणि बाई डोळे मिटून म्हणताहेत, "अनुभव करा, सूर्यास्त झाला आहे."

त्या पडद्यांचे काठ सासूबाईंनी दुमडून दिले. त्यांचा टाका फार बारीक. सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी विचारलं, "काहून वं, तुह्या कॉलेजात कोणी मेलं का?"

"नाही आई. संध्याकाळ करायची आहे."

"संध्याकाळ?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "थे तं रोज फुकट होते."

माझ्या वर्गात भनपुरीहून येणारी एक मुलगी होती. घरी मराठी, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच. गळा साधा, डोकं तेज. त्या अंधारकोठडीत, समईच्या उजेडात, मी भूपाची महती सांगत असताना तिनं हात वर केला.

"मैडम, मेरे पापा उरला में हैं, रोलिंग मिल में. नाइट ड्यूटी. वो शाम को उठते हैं, मुँह धोते हैं, चाय पीते हैं. उनको भूप सुनाऊँ कि देशकार?"

पोरी खुसुखुसु हसल्या. मी चष्मा वर सारला. "राग पापा की ड्यूटी से नहीं चलता, बेटा. सूरज से चलता है."

"पर मैडम," ती अगदी भोळेपणानं म्हणाली, "सूरज को तो आपने पर्दे के बाहर रखा है."

मी तिला वैशेषिकांचं कालविवेचन पुन्हा एकदा लिहून आणायला सांगितलं. दुसरं काय करणार? बाईंना उत्तर सुचलं नाही की बाई गृहपाठ देतात.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या संध्याकाळी बिघडल्या.

आधी लहानसहान गोष्टी होत्या. सुपारी डब्यात ठेवली की उशाखाली, हे आठवायचं नाही. मग मला कधी सूनबाई, कधी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक. दिवसभर तशा बऱ्या असत. भाजी निवडत, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत, म्हणजे शुद्धीवरच असत. पण उन्हं तलावाकडे उतरायला लागली, बैठकीच्या खिडकीत तो तांबूस उजेड आला, की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. त्या उठायच्या. दोन लुगडी, एक चोळी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सगळं चादरीत बांधून गाठोडं काखेत, आणि थेट फाटकाशी.

"मले घरी जाऊ द्या. अंधारून राह्यलं."

"आई, हेच घर आहे."

"हे कायचं घर? मायी गाय बांधाची हाये. दिवे लागाच्या आत पोचाले पाह्यजे."

आवाजात हट्ट नसे, भीती असे. शाळेतून वेळेवर कुणी न्यायला न आलेल्या लेकरासारखी. हात धरला की हात थरथरताना लागायचा. एकदा मी आत दूध उतू जातंय म्हणून वळले तेवढ्यात त्या फाटकाबाहेर गेल्या. हे आणि मी दोन दिशांना धावलो. त्या मोठ्या रस्त्याच्या कडेला सापडल्या, भरधाव जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत, गाठोडं छातीशी धरून. "अकोल्याची गाडी कुठं थांबते रे?" असं त्या प्रत्येक गाडीला विचारत होत्या. गाड्यांना.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, संध्याकाळीच होतं, आणि एक गोळी दिली. गोळीनं त्या गाठोडं बांधायच्या आधीच झोपत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान टाकून बसत, तोंडातून लाळ. भाजी निवडायची राहिली, माझ्या वरणाला नावं ठेवायची राहिली. घरात माणूस आहे पण आवाज नाही. ह्यांना ते बघवेना. नागपूरहून दिरांचा फोन आला, "अरे, गोळी चालू ठेव. नाही तर फाटकाला कुलूप लाव. दुसरा उपाय काय हाये?" हे बाजारातून कुलूप घेऊन आले. फाटकाशी उभे राहिले, कुलूप हातात, किल्ली दुसऱ्या हातात. मग आत येऊन म्हणाले, "मी लहान होतो ना, मी येईपर्यंत ही दाराला कडी लावायची नाही. मी हिला कोंडू?" मी कुलूप त्यांच्या हातातून घेतलं आणि लावलं. कुणीतरी लावायलाच हवं होतं. पण आठ दिवस गोळी द्यायची नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आठ दिवसांत मी काय करणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी ह्यांना मंत्रालयात उशीर होता. उजेड तांबूस झाला. सासूबाई उठल्या, गाठोडं झालं, फाटकाशी गेल्या. हातानं गज हलवू लागल्या. कुलूप खणखणलं. "कोणं लावलं हे? कोणं लावलं वं?"

मी सगळं करून पाहिलं. "उद्या जाऊ" म्हटलं. घरातले सगळे दिवे लावले. "तुमचा लेक येतोय, त्याच्याबरोबर जा" म्हटलं. "लेक शाळेतून आला नाई अजून!" म्हणून त्या आणखीच घाबरल्या. शेवटी त्या विद्वान बाईंनी आपलं हत्यार काढलं. संध्याकाळची वेळ. भूपाची वेळ. शांत, गंभीर, मनाला ओट्यावर आणून बसवणारा राग. शास्त्राप्रमाणे हाच उपाय. मी तिथंच फाटकाशी, कुंड्यांच्या मध्ये बसले आणि आलाप सुरू केला. गंधारावर अशी काही स्थिरावले म्हणता! तसा गंधार मला परीक्षेतही लागला नव्हता.

सासूबाई थबकल्या. ऐकू लागल्या. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी माझा खांदा धरून गदगदा हलवला. "संध्याकाळ झाली नाई का वं पुरी! तूच म्हणून राह्यली ना आता! मंग सोड ना मले, सोड!" आणि रडायला लागल्या.

माझा सिद्धांत इतका खरा कधीच ठरला नव्हता. राग वेळ सांगतो. सांगितली त्यानं. मी ज्या संध्याकाळला भीत होते ती हातानं ओढून त्यांच्या पुढ्यात आणली होती. मला रडावं की हसावं कळेना, आणि त्या गडबडीत, का कोण जाणे, भनपुरीची ती पोरगी आठवली. तिचे पापा. संध्याकाळी उठतात, तोंड धुतात, चहा पितात. त्यांना कोणी संध्याकाळी घाबरलेलं पाहिलंय का?

वर्गातले ते काळे पडदे धुवायला म्हणून मी घरी आणले होते. मी सासूबाईंना धरून आत नेलं. त्या येईनात, पण देव्हाऱ्यात बाळकृष्ण नाही म्हटल्यावर आल्या. बैठकीच्या खिडकीवर मी तो पडदा टाकला. तांबूस उजेड गेला. देव्हाऱ्यात निरांजन लावलं. आता गायचं काय, हे मला माहीत होतं. खेड्यात सडा घालताना सासूबाई एक भूपाळी म्हणत. तिच्यात आधी वासरू उठतं, मग गाय, मग सून, आणि सगळ्यांत शेवटी देव, कारण देव आळशी. त्यांच्याकडून ती ऐकून मी तिची स्वरलिपी केली होती, प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात 'देशकारसदृश लोकधुनेचे उदाहरण' म्हणून टाकली होती. गायली मात्र कधी नव्हती. उदाहरण कोण गातं?

आणि आता संध्याकाळी? सूर्य बुडत असताना देशकाराचा धैवत लावायचा? तुम्हाला हसू येईल, पण माझी जीभच उचलेना. लहानपणापासूनची ताकीद, गुरूंचा धाक, स्वतःचीच प्रकरणं एक ते पाच. चप्पल घालून देवघरात जावं तसं वाटलं. मी घसा खाकरला, सा लावला, वर गेले, आणि धैवत चक्क उतरला. मग शब्दही चुकले. मी आधी गाईला उठवलं.

"तसं नाई वं." रडून भिजलेला, पण घरातला आवाज आला. "वासरू उठते आधी. थे हंबरते म्हून तं गाय उठते."

"मग म्हणून दाखवा ना."

त्यांनी म्हटलं. आवाज फाटलेला, दम अपुरा, पण धैवत? खिळा ठोकावा तसा जागेवर. मी मागून ओढत गेले. वासरू उठलं, गाय उठली, सून उठली, देव उठायला आला तेव्हा त्यांनी गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं, बाळकृष्ण काढला आणि पदरानं पुसून जागेवर बसवला.

"उजाडलं का वं?"

"हव, आई. उजाडलं."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग उभी काहून? सडा कोण घालन? तुयी माय?"

तर मंडळी, दिवेलागणीला, तेलीबांध्याच्या त्या सुशिक्षित कॉलनीत, संगीताच्या अधिव्याख्याता बाई बादली घेऊन अंगणात सडा घालत होत्या. शेजारच्या बाई फाटकाशी आल्या. "दीदी, ये क्या? शाम को झाड़ू-पानी? लक्ष्मी आने का टाइम है!"

"हमारे यहाँ अभी सुबह हुई है," मी म्हटलं.

"हव?" म्हणून त्यांनी माझ्या बादलीत डोकावलं. मग म्हणाल्या, "तो चाय हो गयी?"

हे आले तेव्हा त्यांची आई चहा फुंकून पीत होती. गाठोडं नाही, रडणं नाही. लेकाला दारात पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "येवढ्या सकाळी कुठून आला रे? रातपाळी होती का?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी सासूबाईंच्या मागून मान हलवली, हो म्हणा. ते बूट काढत खाली बसले आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हव, आई. रातपाळी."

"मंग पोहे कर वं त्याले. उपाशी हाये पोट्टं."

त्या रात्री आम्ही जेवणात पोहे खाल्ले. पोहे खाता खाता ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरची जास्त झाली, असं ते म्हणाले. मी मिरची घातलीच नव्हती.

मग तेच सुरू झालं. रोज उन्हं उतरली की पडदा, निरांजन, भूपाळी, सडा, चहा. रोज जमे असं नाही. कधी अर्ध्या भूपाळीत त्या उठून जात, कधी मलाच ओळखत नसत आणि "ही बाई बरी म्हणते, पण सूर कच्चा हाये" असं मलाच सांगत. तरी गोळी परत काढावी लागली नाही. कुलूप ह्यांनी काढून सायकलीला लावलं. आमच्या घरात दिवसाला दोन सकाळी व्हायला लागल्या आणि रात्र थेट दुसऱ्या सकाळनंतर यायची. सासूबाईंच्या लेखी मधली संध्याकाळ गाळली गेली होती. जेवून त्या निजत, तेही "दुपारची जरा पडते" म्हणून.

पडदे घरी अडकल्यामुळे वर्ग उघडा पडला. भर उन्हात, खिडक्या सताड, बाहेर सायकलींच्या घंट्या, आणि मी भूप शिकवायला बसले. पोरींना पहिल्यांदाच एकमेकींची तोंडं दिसली. मी भनपुरीच्या त्या मुलीला म्हटलं, "तुझ्या पप्पांना देशकार ऐकव. माझं उत्तर आलं."

"वो तो चाय पीते ही निकल जाते हैं, मैडम," ती म्हणाली. "सुनेंगे कब?" मग वही मिटत, "पर बता दूँगी उनको."

प्रबंधाचं काय झालं, हे मला अजून लोक विचारतात. झाला पुरा. निष्कर्षाचं प्रकरण मी तीनदा फाडलं. आधी लिहिलं होतं, वेळ सूर्यात आहे. मग लिहिलं, वेळ ऐकणाऱ्यात आहे. तेही पटेना, कारण एकट्या सासूबाईंतच ती असती तर मला गायची गरजच काय होती? शेवटी काहीतरी मधलं लिहिलं, दोन विद्वान मान डोलावतील असं. फाटकाशी काय झालं ते त्यात नाही. त्याला तळटीप कुठून आणणार? पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या वयस्क परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "समजा, देशकार सायंकाळी गायला, तर काय होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा करावा लागतो, सर. सासूबाईंना वाटतं, उजाडलं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "आमच्याकडेही आई होती," आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

ती शेवटची थंडी असावी. सासूबाई आता पलंगावरच असत. वेळ झाली, मी नेहमीप्रमाणे पडदा ओढायला उठले. त्यांनी हातानं थांबवलं.

"राहू दे वं. पाहू दे."

मी पडदा सोडला. तो तांबूस उजेड सरकत सरकत त्यांच्या गोधडीवर आला, हातांवर आला. आता थरथर सुरू होईल म्हणून मी त्यांचा हात धरून बसले. हात गार होता, पण थरथरला नाही. दूरवर तलावाच्या पाण्यावर उजेडाची एक पट्टी होती. त्या तिच्याकडे बघत होत्या.

"संध्याकाळच हाये ना?"

त्यांच्याशी खोटं बोलायला मी चांगली पटाईत झाले होते. पण त्यांनी विचारलं ते माझ्या डोळ्यांत बघून. मी म्हटलं, "हव, आई. संध्याकाळ आहे."

"मले वाटलंच." थोड्या वेळानं, "तू रोज वासराले उठवू उठवू थकली असशीन. आज संध्याकाळचं म्हण."

मी भूप म्हटला. आलाप नव्हे, साधा, ओट्यावर पाय सोडून बसल्यासारखा. त्या उठल्या नाहीत. गाठोडं मागितलं नाही. गाय बांधायची आहे म्हणाल्या नाहीत. मी गंधारावर थांबले की त्यांचं बोट माझ्या तळव्यावर किंचित दाबलं जायचं, बस इथं, असं. खिडकीतला उजेड पुरा गेला तरी मी दिवा लावला नाही. हे आले, दारातच थांबले, आणि बूट काढून आवाज न करता पायाशी येऊन बसले. आईनं अंधारात हात लांबवून लेकाचं डोकं चाचपलं. "आला का," एवढंच म्हणाल्या. रातपाळीचं विचारलं नाही.

पुढं थोड्या दिवसांनी त्या गेल्या, खऱ्याखुऱ्या सकाळी, वासरू-गाय उठायच्या वेळेला.

आता मी त्यांच्या वयाला आले आहे. हे नाहीत. तेलीबांध्याचं ते तळं दिव्यांनी सजलंय, लोक संध्याकाळी तिथं फिरायला आणि चाट खायला जातात. मुलगा-सून इथल्याच एका ऑफिसात, नात माझ्याकडे गाणं शिकते, म्हणजे फोन बघत बघत शिकते आणि उत्तर हिंदीत देते. ही सगळी गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगितली आहे. "हाँ आजी, पता है, बछड़ा पहले उठता है," म्हणते.

परवा मला हुक्की आली. तिन्हीसांजेला मी एक चादर पसरली, दोन साड्या बांधल्या, गाठोडं काखेत मारलं आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, बघू तरी.

"आजी?" ती दारातून म्हणाली. फोन हातातून पडला, त्याचा आवाज मी ऐकला. ती धावत आली, माझा हात धरला, आणि मला वाटलं, अगं बाई, हे जरा जास्तच झालं. पण मी सांगायच्या आत ती माझ्याकडे बघत गायला लागली. संध्याकाळी. मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. वासरू उठलं, गाय उठली. धैवत मात्र खाली.

"वर घे," मी म्हटलं. "अजून थोडा. तिथं अंधार आहे बघ, उजाडू दे जरा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. "आजी! आप बहुत खराब हो!" म्हणून तिनं मला मिठी मारली ती गाठोड्यासकट.

"हव," मी म्हटलं. "आता चहा टाक. आणि ऐक पोरी, खरी वेळ आली ना, की वासराला आधी उठवशील तसंच. पण एखाद दिवशी मी संध्याकाळ आहे का विचारलं, तर हो म्हण."